आधी वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच

नल्लकुंटा हे नाव तेलुगू. नल्ल म्हणजे काळं आणि कुंट म्हणजे लहानसं तळं. आज इथं ते तळं शोधायला निघालात तर भाजीबाजार सापडेल, शंकर मठ सापडेल, फीवर हॉस्पिटल सापडेल, पाणी तेवढं सापडणार नाही. पहाटेपासून दुधाच्या गाड्या, मठातली घंटा आणि कुणाची तरी चालू न होणारी स्कूटर यांचा गजर सुरू असतो. त्या गोंगाटातून मी आठवड्यातले दोन-तीन दिवस पाठीवर पिशवी आणि खांद्यावर ट्रायपॉड टाकून निघतो आणि विद्यानगरच्या अंगाने उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात शिरतो. चालत अर्धा तास पुरतो. विद्यापीठ 1918 चं. 1939 मध्ये उघडलेली आर्ट्स कॉलेजची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत सगळ्यांच्या फोनमध्ये असते. मी तिच्याकडे पाठ करून झाडोऱ्याकडे वळतो.

सुरुवातीला एका पहारेकऱ्याने मला हटकलं होतं. "क्या फोटो लेरे साब? इदर तो खाली झाडां हैं." दखनीत 'खाली' म्हणजे 'नुसती'. मी म्हटलं, "हौ, झाडां के वास्तेच आया." (हा 'च' आपलाच. तो दखनीत जाऊन इतका मुरलाय की आता तिथून परत मागायची सोय नाही.) त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि सोडून दिलं.

हा लेख त्या 'खाली झाडां'साठी आहे. वाघ, बिबट्या, चोचीत मासा धरलेला खंड्या यांचे फोटो कसे काढावेत ते इथं मिळणार नाही. झाडं, झुडपं, पाचोळा, कवडसे, खडक आणि त्यांच्यात मधूनच दिसणारं एखादं जनावर, अशा रानाचा फोटो कसा काढायचा, एवढाच विषय. हैदराबादेत, पुण्यात, नांदेडला, कुठंही राहत असाल, घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर झाडांचा एखादा तुकडा असला की काम भागतं.

यातली पहिली अडचण कॅमेऱ्याची नसते, आपल्या आवाजाची असते. रानात शांत राहण्यात मोठेपणा वगैरे काही नाही. अ‍ॅपर्चर जसं हाताळायचं असतं तशी शांतताही हाताळायची असते, आणि ती चुकली की फोटो चुकतो. म्हणून घरातून निघतानाच कामाला लागा. पिशवीला वेल्क्रोची पट्टी असेल तर ती उघडताना होणारा चर्रकन आवाज शांत रानात शंभर पावलांवर ऐकू जातो. पट्टीवर कापडाची चिंधी शिवून टाका, किंवा बटणाची पिशवी घ्या. लेन्स घरीच बसवून निघा. ट्रायपॉडच्या पायांना सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली की तो खडकावर खणखणत नाही, आणि डिसेंबरच्या पहाटे गार धातू हाताला बोचतही नाही. किल्ल्या आणि सुटे पैसे रुमालात बांधा. कॅमेऱ्याचा बीप बंद करा, फोकससाठी लागणारा पुढचा लाल दिवा बंद करा, फोटो काढल्यावर पडद्यावर आपोआप उजळणारं चित्र बंद करा. मिररलेस कॅमेरा असेल तर सायलेंट शटर आहेच. जुना डीएसएलआर असेल तर आरसा आपटण्याचा आवाज लाइव्ह व्ह्यूमध्ये बराच कमी होतो.

कपड्यांबद्दल फार डोकं चालवू नका. सैनिकी ठिपक्यांचे कपडे घातल्याने झाडं फसत नाहीत, पहारेकऱ्यांना मात्र उगाच शंका येते. मातकट किंवा धुरकट हिरव्या रंगाचा धुऊन मऊ झालेला सुती शर्ट उत्तम. नायलॉनचं जाकीट टाळा, त्याची बाही अंगाला घासली की सळसळते. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत. दख्खनच्या पाचोळ्यात घोणस दडून बसते, आणि ती पाचोळ्याच्याच रंगाची असते. हात टेकायच्या आधी, बसायच्या आधी, वाकायच्या आधी जागा नीट पाहून घ्या. अंधारात निघणार असाल तर टॉर्च हवाच, आणि कुठं जातोय ते घरी सांगून निघा. शहरातल्या झाडोऱ्यात सापापेक्षा भटक्या कुत्र्यांचा उपद्रव जास्त. त्यांच्यापासून पळू नका. ट्रायपॉड पुढं धरून हळूहळू बाजूला व्हा.

आता चालणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं वाळून खाली पडतात तेव्हा पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. तिथं कितीही हळू चाला, उपयोग नाही. पहाटेचं दव पाचोळ्यावर असेपर्यंत तो मऊ असतो, तेवढ्यात आपल्या जागेवर पोचायचं. ऊन चढलं की मग हलायचं नाही. एरवी मळलेल्या पायवाटेनेच जावं. एका लयीत टपटप चालत आलेला माणूस रानाला लांबूनच कळतो. चार-पाच पावलं टाकावीत, थांबावं, पाहावं, पुन्हा दोन पावलं. एखादं जनावर किंवा पक्षी दिसला तर सरळ त्याच्या रोखाने जाऊ नये. तिरकं जावं, नजर दुसरीकडे ठेवावी, आपल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही असं दाखवावं. ओळखीच्या लोकांना टाळताना आपण रस्त्यात हे रोज करतोच.

जागेवर पोचलात की खरी परीक्षा. एखाद्या बुंध्याला पाठ टेकून बसा आणि वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतून काढू नका. घड्याळ लावून वीस. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी बुंधा नीट पाहिलाच नव्हता. लाल मुंग्यांच्या हमरस्त्यावर बसलो होतो, आणि चौथ्या मिनिटाला जो नाच केला तो बघायला तिथं कुणी नव्हतं हे नशीब. तर आधी बुंधा पाहा, मग बसा.

या वीस मिनिटांत दोन गोष्टी घडतात. एक बाहेर, एक आत. बाहेरची अशी. तुम्ही आलात ही बातमी रानभर झालेली असते. खार शेपटी झटकत चिरचिर करते. मोकळ्या माळावर असाल तर टिटवी डोक्यावर घिरट्या घालते. सातभाईंचा थवा झुडपात चढून कलकलाट करतो. पाच-सात मिनिटांनी खार गप्प होते. मग बराच वेळ काहीच होत नाही, आणि नेमकी याच वेळी उठून दुसरीकडे जावंसं वाटतं. उठू नका. थोड्या वेळाने एक सातभाई खाली उतरतो, मग दुसरा, मग सगळा थवा. ते पाचोळा उलथवून किडे शोधायला लागले की समजा, तुमची बातमी जुनी झाली. याच्यानंतर मुंगूस वाट ओलांडेल, मोर झुडपाआडून मान काढेल, किंवा यातलं काही होणार नाही. पण रान आता आपल्या चालीने चालू असतं आणि तुम्ही त्यात बसलेले असता.

आतली गोष्ट डोळ्यांची. रानात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं आपल्याला फक्त 'हिरवं' दिसतं. त्या हिरव्याचा फोटो काढला की तो घरी येऊन भाजीच्या जुडीसारखा दिसतो. दहाव्या मिनिटाला लक्षात येतं की समोरच्या सहा खोडांपैकी एक तिरकं आहे. पंधराव्या मिनिटाला दिसतं की उजेड डावीकडून येतोय आणि त्या तिरक्या खोडाच्या एकाच कडेला लागतोय. विसाव्या मिनिटाला ठरतं की फोटो त्या कडेचा आहे, बाकीची पाच खोडं फक्त सोबतीला. हे ठरल्यावरच पिशवी उघडायची.

बसल्या बसल्या एक छोटी वही चालवा. तारीख, आभाळ कसं होतं, काय दिसलं, तीन ओळी पुरेत. जमलं तर पेन्सिलीने चौकट आखून त्यात खोडं रेघांनी दाखवा. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या मुक्कामावर पुस्तक लिहिणारे लेखक तर होतेच, पण हाताने चित्रंही काढणारे होते. त्यांच्या रानाबद्दलच्या लिहिण्यात चित्रकाराची नजर जागोजागी जाणवते. किरण पुरंदरे त्याच नागझिऱ्यात चारशे दिवस राहिले आणि त्यातून 'सखा नागझिरा' आलं. आपल्याला चारशे दिवस कुठले, पण चारशे मिनिटं तरी एका जागी बसायला काय हरकत आहे? मारुती चितमपल्ली (1932-2025) सोलापूरच्या तेलुगूभाषक घरातले. नल्लकुंट्यात बसून हे लिहिताना त्यांची आठवण येणारच. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी रानातल्या माणसांकडून झाडापाखरांची नावं गोळा केली. नाव माहीत झालं की झाड वेगळं दिसायला लागतं. मला इथं पळसाचं मोदुग आणि तरवडाचं तंगेडु हे नाव शेजारच्या आजींकडून कळलं. दसऱ्याआधी बतुकम्मा, म्हणजे फुलांचा मनोरा, रचताना तरवडाची पिवळी फुलं वापरतात. तरवड हे तेलंगणाचं राज्यपुष्प. त्यानंतर माळावरच्या त्या झुडपाचा फोटो मी पहिल्यांदा नीट काढला. त्याआधी ते 'पिवळं काहीतरी' होतं.

आता चौकट. डोंगरदऱ्यांचा फोटो आणि रानाचा फोटो यांत मोठा फरक असा की डोंगर आपोआप मांडून ठेवलेला असतो, रान म्हणजे पसारा. त्यातून कमी करत जायचं. बहुतेक लोक रानात वाइड लेन्स लावतात, सगळं मावावं म्हणून. सगळं मावतं, आणि कशाचंच काही होत नाही. 70-200 ची झूम असेल तर ती लावा. लांबून एकाच कोपऱ्याला हात घाला. अमेरिकेत एलियट पोर्टर नावाचा छायाचित्रकार होऊन गेला. शिकला डॉक्टरकी, काही वर्षं हार्वर्डमध्ये शिकवलं आणि मग सगळं सोडून रंगीत फोटो काढत झाडांत हिंडला. 1962 मध्ये आलेलं त्याचं रानाच्या फोटोंचं पुस्तक गाजलं, आणि 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं. त्याच्या फोटोंत बहुधा आभाळ नाही, क्षितिज नाही. चार खोडं, काही पानं, ओला खडक. ते फोटो पाहिले की वाइड लेन्सचा मोह बराच उतरतो.

आभाळाचं तर पथ्यच पाळा. पानांच्या मधून दिसणारे आभाळाचे पांढरे तुकडे सगळ्या फोटोला भोकं पाडतात, कारण डोळा सर्वांत आधी उजेडाकडे धावतो. थोडं उंचावर जाऊन कॅमेरा किंचित खाली झुकवला की ती भोकं निघून जातात. हैदराबादेत यासाठी देवाने खडक दिलेत. अडीचशे कोटी वर्षांचा हा ग्रॅनाइट, एकावर एक रचलेले धोंडे. त्यातल्या एखाद्या बुटक्या धोंड्यावर चढलं की काम होतं, आणि फोटोतही त्याची साथ उत्तम, कारण त्याच्या गोलाईसमोर खोडांच्या सरळ रेघा उठून दिसतात.

मग खोडं एकमेकांवर चढलेली नाहीत ना ते पाहा. समोरचं खोड मागच्या खोडाला झाकत असेल तर दोन्ही मिळून एक जाडा, बेढब खांब दिसतो. अर्धं पाऊल डावीकडे सरका, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. शेवटी चौकटीच्या चारी कडांवरून नजर फिरवा. कडेतून आत घुसलेली डहाळी, अर्धं कापलेलं पान, कोपऱ्यातली चिप्सची रिकामी पिशवी. पिशवी उचलून खिशात घाला. डहाळी मात्र मोडू नका, स्वतः सरका. रानात जाऊन फांद्या छाटून 'स्वच्छ' फोटो काढणारे मी पाहिलेत. त्यांना बागेत पाठवायला हवं.

उजेडाबद्दल आपल्याकडे एक चुकीची समजूत आहे, की फोटोला ऊन हवं. रानाला ऊन सोसत नाही. भर उन्हात झाडांखाली काळ्या सावल्या आणि पांढरे डाग यांची नुसती ठिगळं दिसतात. ढगाळ सकाळ, पाऊस पडून गेल्याची वेळ, धुकं, ही रानाची खरी वेळ. पावसाने बुंधे काळेभोर होतात, शेवाळ उजळतं, पानांचा रंग गडद होतो. फक्त ओली पानं चकाकतात, आणि त्या चकाकीत हिरवा रंग पांढुरका होतो. त्यावर इलाज पोलरायझर. लेन्सच्या पुढं बसवायचा, डोळा लावून हळूहळू फिरवायचा, चकाकी मावळते आणि पानांचा खरा रंग वर येतो. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे ट्रायपॉड हवाच. रानात खर्च करायचाच असेल तर नव्या कॅमेऱ्याच्या आधी बरा पोलरायझर आणि जडसा ट्रायपॉड घ्या. दुकानदार उलटा क्रम सुचवतील, त्यांचं तसं असतं.

आकडे हवेत म्हणून सांगतो, पण हे शिलालेख नव्हेत. ट्रायपॉडवर आयएसओ 100 ते 400, अ‍ॅपर्चर एफ 8 ते 11. शटर सेकंदाच्या चौथ्या भागापर्यंत खाली आलं तरी खोडांना फरक पडत नाही, पानांना पडतो. वारा असेल तर आयएसओ वाढवून शटर 1/125 च्या आसपास आणा, किंवा थांबा. पहाटेचा वारा श्वास घेतल्यासारखा येतो-जातो, मधे काही क्षण पानही हलत नाही. सेल्फ टायमर किंवा रिमोट लावून तो क्षण पकडता येतो. धुक्यात कॅमेरा सगळं राखाडी करून टाकतो, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. चौकटभर काळं, ओलं खोड असेल तर उलट तेवढंच कमी करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा पहाटेचा ऊबदार रंग 'दुरुस्त' करतो. तो क्लाउडीवर ठेवा आणि फोटो रॉमध्ये काढा.

फोनवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. अल्ट्रा-वाइडला हात लावू नका, दुप्पट किंवा तिप्पट झूमची खरी लेन्स असेल तीच वापरा. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग बोट खाली ओढून चित्र किंचित गडद करा. फोन हिरव्याला नेहमीच जास्त उजळ आणि जास्त हिरवा करतो. आणि शटरचा तो खोटा आवाज बंद करा.

वर्षाचं गणित प्रत्येक गावाचं निराळं. हैदराबादचं माझं असं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, कधीमधी धुकं असतं, आणि सूर्य दिवसभर जरा खालूनच जातो. नवशिक्यांनी तेव्हा सुरुवात करावी. काटेसावर आणि पाठोपाठ पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं, रेघा मोकळ्या दिसतात. फांद्यांचा सांगाडा शिकायला याहून चांगले दिवस नाहीत. एप्रिलमध्ये पिंपळाची तांबूस कोवळी पालवी मागून उजेड आला की काचेसारखी दिसते. मे महिन्यात बहावा पिवळा होतो, पण उजेड कठीण. 9 मेच्या सुमाराला हैदराबादेत सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. पुन्हा तसंच 3 ऑगस्टच्या सुमाराला. या दिवसांत सकाळी आठनंतर कॅमेरा ठेवून द्या आणि घरी जाऊन पेसरट्टू खा. जुलै-ऑगस्टची हिरवाई सगळ्यांना भुलवते, आणि फोटोला तीच सर्वांत अवघड, कारण सगळंच भरलेलं, सगळंच एका रंगाचं. तेव्हा खाली पाहा: शेवाळ, अळंबी, खडकावरून ओघळणारं पाणी. दसऱ्याच्या आसपास माळ पुन्हा मोकळा व्हायला लागतो. तिकडं महाराष्ट्रात आपण आपटा लुटतो, इथं शमीची पानं देतात, तिला जम्मी म्हणतात. त्या दिवशी पालपिट्टा, म्हणजे आपला नीलपंख, दिसला तर शुभ मानतात.

या सगळ्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे एकच झाड वर्षभर धरणं. माझं एक कडुलिंबाचं आहे, दोन धोंड्यांच्या फटीतून वाकडं वर आलेलं. महिन्यातून दोनदा त्याच्यासमोर त्याच जागी ट्रायपॉड लावतो. पहिल्या सहा महिन्यांत एकही फोटो जमला नाही. झाड नेहमी मागच्या झुडपात हरवायचं. मग एका जानेवारीच्या पहाटे धुकं मागच्या झुडपांत उतरलं आणि झाडापर्यंत पोचलं नाही. सगळं मिळून दहा मिनिटं. जागा पाठ होती, लेन्स कोणती ते ठरलेलं होतं, ट्रायपॉडचे पाय कुठं रोवायचे ते माहीत होतं. नव्या जागी असतो तर ती दहा मिनिटं शोधाशोधीतच गेली असती.

इथं थोडं मागे जाऊ. सिकंदराबादेत राजा दीनदयाळ यांचा स्टुडिओ होता, सहाव्या निजामाचे ते छायाचित्रकार. एप्रिल 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झन निजामाच्या मुलखात शिकारीला आला. वरंगळच्या रानात मारलेल्या वाघाच्या मागं तो आणि त्याची बायको उभे आहेत, तो प्रसिद्ध फोटो दीनदयाळांच्या स्टुडिओचा. रान मागे आहे, पण पडद्यासारखं. तीसेक वर्षांनी, 1931-32 मध्ये, सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. ती मोठ्या मोलाची, पण त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी मारून नमुने गोळा करूनच झालेली. कॅमेरा आणि बंदूक यांचं नातं भाषेतही उरलंय. आजही फोटो 'शूट' करतात. मराठीत त्यासाठी 'टिपणं' आहे. शिकारी सावज टिपतो हे खरं, पण चिमणी दाणा टिपते, सांडलेली शाई टिपकागदाने टिपतात, आणि ऐकलेलं वहीत टिपून ठेवतात. रानाचा फोटो या दुसऱ्या जातीचं टिपणं आहे. दाणा जमिनीवर पडलेलाच असतो, वाकायचं तेवढं आपण.

म्हणून काही गोष्टी करूच नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं ही शुद्ध फसवणूक. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा आला, आणि तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. घरट्याच्या जवळ जाऊ नका. तुमच्या पावलांनी दबलेल्या गवताच्या वाटेने मांजर आणि कावळा घरट्यापर्यंत पोचतात. कडुलिंबाच्या ढोलीतला पिंगळा दिवसा झोपलेला असतो, त्याच्यावर फ्लॅश मारू नका. फोटो लोकांना दाखवताना त्यातलं ठिकाणाचं बारीक टिपण काढून टाका. घरटं, घुबडाची ढोली आणि चंदनाचं झाड, या तिघांचा पत्ता कुणालाही सांगायचा नाही. चंदनाला तर फोटोपेक्षा करवतीची भीती जास्त. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात फोटो काढणं हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीचं काम केलंय. साधा कॅमेरा असो की मोठी लेन्स, फाटकावर विचारून, पावती घेऊन आत जा. ड्रोन घरी ठेवा. साप दिसला तर मागे व्हा. वस्तीजवळ असेल तर हैदराबादेत फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी आहे, त्यांना कळवा.

नल्लकुंट्यातून कुठं कुठं जाता येईल? विद्यापीठाचं आवार झालंच. जुबिली हिल्समधलं कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान, लोक त्याला केबीआर म्हणतात, सुमारे 390 एकरांचं. सकाळी तिथं फिरणाऱ्यांची इतकी गर्दी असते की शांत बसलेल्या माणसाकडे सगळे वळून पाहतात. तरी आतली खडकांमधली झुडुपं उत्तम. वनस्थलीपुरमचं महावीर हरिण वनस्थली राष्ट्रीय उद्यान हे एके काळी निजामाचं शिकारीचं रान. महावीरांच्या 2500 व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने त्याला हे नाव मिळालं. तिथं काळवीट आहेत, पण मला आवडतं ते तिथलं उंच वाळकं गवत. एक दिवस हाताशी असेल तर विकाराबादजवळचे अनंतगिरीचे डोंगर. मुसी नदी तिथं उगम पावते आणि साग-मोहाचं मिश्र रान आहे. मराठी वाचकांपैकी जे नांदेड, किनवट, माहूरकडचे आहेत त्यांना इकडं यायचीही गरज नाही. किनवटचा सागाचा पट्टा आणि इकडचं आदिलाबादचं रान यांच्यात सरकारी रेघ सोडली तर काही फरक नाही, आणि 1956 पर्यंत ती रेघही नव्हती.

घरी आल्यावरचं काम थोडक्यात. फोटो त्याच दिवशी निवडू नका, सकाळचा आनंद डोळ्यांत असतो आणि सगळेच बरे वाटतात. आठवडा जाऊ द्या. मग शंभरातले दोन ठेवा. हिरव्या रंगाचा स्लायडर पुढं ओढण्याचा मोह होईल, स्लायडर उलट थोडा मागं ओढा. खरं रान जाहिरातीतल्या चहाच्या मळ्यापेक्षा पिवळट आणि धुरकट असतं. वर्षाअखेर दहा फोटो कागदावर छापून घ्या, 8 बाय 12 पुरे. छापणारा आधी चकचकीत कागदच पुढं करेल. मॅट मागा. चकचकीत कागदावर दिव्याखाली पानं पुन्हा चकाकायला लागतात, आणि पहाटे पावसात उभं राहून पोलरायझर फिरवला तो कशाला?